जोहार : एका अभिवादनाची कथा

दोन माणसें वाटेंत भेटलीं म्हणजे पहिला शब्द कोणता उच्चारावयाचा, हें जुन्या महाराष्ट्रांत ज्याच्या त्याच्या मर्जीवर नव्हतें. ब्राह्मणानें नमस्कार करावा, कुणब्यानें रामराम म्हणावा, महारानें जोहार घालावा, अशी वांटणी ठरलेली असे. सोनार मंडळी 'नमस्कार' म्हणूं लागली तेव्हां पेशवे दरबारानें हरकत घेतली, आणि 9 ऑगस्ट 1779 रोजीं मुंबईच्या इंग्रज सरकारनेंही त्यांना त्या शब्दाची मनाई केली! एका शब्दासाठीं दोन सरकारें हलावीं, यावरून त्याचें मोल ध्यानांत येईल.

या सर्वांत 'जोहार' शब्दाची कथा मोठी विलक्षण आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयीं एकमत नाहीं. कोणी तो 'योद्धा' शब्दाकडे नेतात, कोणी 'जयकारा'कडे. रजपूत स्त्रियांच्या जौहाराशीं मात्र त्याची गल्लत करूं नये. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसां'त वनवासी लोक रामास जोहार करतात, तसे नगरजनही करतात. तेथें त्यांत कमीपणाची छटा दिसत नाहीं. शब्दांचे अर्थ सरकतात, हें खरें. इंग्रजींत 'निरोगी राहा' अशा अर्थाचें 'वॅसेल' हें जुनें अभिवादन पुढें मद्याच्या पेल्याचें नांव होऊन बसलें. आपल्याकडे जोहार सरकला तो खालीं, आणि त्याला ढकललें तें गांवगाड्यानें.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखादें जुनें गांव डोळ्यांपुढें आणावें. वेशीवर येसकराचा पहारा. निरोप नेणें, सरकारी वसूल पोंचविणें, शिवेची साक्ष देणें, मेलेलें जनावर ओढणें हीं महारांचीं वतनी कामें. वाड्यासमोर आलें कीं दूर उभें राहून, वांकून 'जोहार मायबाप' म्हणावयाचें. त्याला उलट 'जोहार' येत नसे, आणि शब्दाचें सारें ओझें यांतच होतें. परत न मिळणारें अभिवादन हजेरीसारखेंच. याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, धामणगांवीं जन्मलेल्या दया पवारांनीं 'बलुतं' (1978) या आत्मकथनांत त्या जीवनाचें जें चित्र रेखाटलें आहे, तें वाचलें म्हणजे हें ओझें समजतें.

संतांनीं या शब्दाचा रोख फिरविला. चोखामेळ्यानें तो विठ्ठलाच्या दारीं नेला. गोदेच्या कांठीं, पैठणास एकनाथांनीं महाराची भूमिका घेऊन 'जोहार' नांवाचीं भारुडें रचिलीं. स्वतः ब्राह्मण असून हें त्यांनीं केलें, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांत जोहार करणारा महार देहरूपी गांवाच्या कारभाराचा झाडा घेतो आणि ऐकणाऱ्यांस शहाणपण सांगतो. पण भारुड संपलें कीं वेस होती तेथेंच राही.

पुढें माणसांनीं शब्दच टाकला. नगरास 1831 मध्यें अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू झालें. महार समाजांतील अनेक कुटुंबें ख्रिस्ती झालीं, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत 'सलाम' रुळला. त्यानंतर शतकभरानें 'जय भीम' आला. त्याचें श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना देतात. मुसलमानांत 'सलाम आलेकुम' म्हटल्यास 'वालेकुम सलाम' असें उत्तर मिळतें. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असें सांगतात. प्रथम 'जय भीम'ला 'बल भीम' असें उत्तर योजिलें होतें. पण लोकांनीं दोन्ही बाजूंनीं 'जय भीम'च पत्करला. ज्याला उत्तर मिळत नसे त्या शब्दाच्या जागीं, ज्याचें उत्तर तोच शब्द आहे असा शब्द आला! महारकीचीं वतनेंही 1958 च्या कायद्यानें रद्द झालीं.

इकडे जो शब्द टाकून द्यावा लागला, तो झारखंडांत मात्र ताठ मानेनें वावरत आहे. संताळ, मुंडा, हो हे लोक एकमेकांस जोहार करतात आणि जोहारानेंच उत्तर देतात. 25 जुलै 2022 रोजीं द्रौपदी मुर्मू यांनीं राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यानंतरच्या भाषणाचा आरंभ त्यांनीं 'जोहार' शब्दानें केला, आणि 'नमस्कार' त्याच्या मागून आला.