भात घराण्याचे, कॉफी लावणाऱ्याची

दक्षिण सुमात्राच्या मुआरा एनिम जिल्ह्यात, बुकित बारिसान पर्वतरांगेच्या कुशीत, सेमेंदो नावाचा जो उंच मुलूख आहे, तेथील कोणत्याही खेड्यात ‘ही जमीन कोणाची?’ असा प्रश्न केला असता एक उत्तर मिळत नाही, दोन मिळतात. आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, विसंगतीची यत्किंचितही जाणीव न होता, बाहेर पडतात. दरीच्या तळाशी पाणी खेळवलेली भातखाचरे, त्यांच्या कडेचे मासळीचे तळे आणि खांबांवर उभे असलेले लाकडी घर ही सारी घराण्याची. वरच्या उतारावरची कॉफीची बाग मात्र ज्याने ती लावली त्याची. बाहेरून येणाऱ्या अंमलदारास हा गोंधळ वाटतो. पण या मुलुखाच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांकडे मागे वळून पाहिले, म्हणजे या दोन उत्तरांनी एकमेकांस जगवले आहे, असेच म्हणावे लागते.

घराण्याच्या मालमत्तेची व्यवस्था येथे थोरल्या मुलीकडे असते. तिला ‘तुंगु तुबांग’ म्हणतात. आईचे घर आणि खाचरे तिच्या हाती येतात, लग्नानंतर नवरा तिच्या घरी राहावयास येतो, आणि पुढे हा वारसा तिच्या थोरल्या मुलीकडे जातो. परंतु हिला मालकीण म्हणणे धाडसाचे ठरेल. खाचरांतले भात तिने खावे, परंतु खाचर विकू नये. घर दुरुस्त करावे, परंतु मोडू नये. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावे, धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि लग्ने पार पाडावीत, आणि दूरदेशी गेलेला भाऊ सणाला परत आला तर त्याच्या पानात भात आणि तळ्यातील मासा पडलाच पाहिजे, अशी तिची जबाबदारी. तिच्या वर्तनावर देखरेख मामाची. या मामाला ‘मेराजे’ म्हणतात, आणि भाचीने कारभार बिघडवला तर तो तिला बोल लावू शकतो, प्रसंगी तिच्याकडचा कारभार काढूनही घेऊ शकतो. मुलगी नसलेल्या घरात मुलाच्या बायकोला हा मान दिला जातो. हे लोक कट्टर मुसलमान. मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा देणारा शरीयतचा नियम त्यांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. पण जी मिळकत कधी वाटलीच जात नाही, तिला वाटणीचा नियम लागू करण्याचा प्रसंगच येत नाही. एका अर्थी ही प्रथा धर्मशास्त्राशी भांडली नाही. ती त्याच्या बाजूने, आवाज न करता, निघून गेली.

आता असा प्रश्न उभा राहतो, की थोरली सोडून उरलेल्या चार-पाच भावंडांनी काय करावे? दरी अरुंद, खाचरे मोजकी, आणि भाताचे पीक परंपरेने वर्षातून एकदाच. केवळ भातावर ही व्यवस्था फार पिढ्या टिकली नसती. भावाभावांत तंटे लागून खाचरांचे तुकडे पडले असते, किंवा धाकट्यांना बहिणीच्या दारी मजुरी करावी लागली असती. हा पेच सोडवला तो कॉफीने.

कॉफीचा या द्वीपसमूहातील पूर्वेतिहास सुखद नाही. डच कंपनीने १६९६ साली आपल्याच मलबार किनाऱ्यावरून रोपे जावा बेटावर नेली, ती पुरात गेली, १६९९ साली पुन्हा नेली, आणि १७११ पासून माल युरोपकडे रवाना होऊ लागला. पुढे पश्चिम जावाच्या डोंगराळ प्रदेशात सक्तीने कॉफी पुरवावी लागे. १८३० नंतर डच गव्हर्नर-जनरल व्हान डेन बॉशच्या लागवडपद्धतीने त्या सक्तीला सरकारी शिस्त दिली. सुमात्राच्या पश्चिमेकडील मिनांगकाबाऊ रयतेवर १८४७ पासून १९०८ पर्यंत अशीच सक्ती होती. सक्तीच्या कॉफीत झाड कोणाचे हा प्रश्न निरर्थक असतो, कारण फळ सरकारचे. सेमेंदोच्या मुलुखात जी कॉफी रुजली आणि फोफावली ती मुख्यतः नंतरची. पानांवर तांबेरा पडून १८७६ च्या सुमारास सुमात्रातील अरेबिकाच्या बागा उजाड होऊ लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कांगोकडून आलेली रोबस्टा ही काटक जात जावामार्गे येथे पोहोचली. ही रोबस्टा कोणाच्या हुकुमाने लावावी लागली नाही. पालेंबांगच्या डोंगरातील शेतकऱ्यांनी ती आपखुशीने, बाजारभाव पाहून लावली, आणि १९२० च्या दशकापर्यंत छोट्या बागाईतदारांची कॉफी हा दक्षिण सुमात्राचा एक प्रमुख माल होऊन बसला.

बाग उभी करण्याची रीत साधी असली तरी तिच्यातच मालकीचे मूळ आहे. तरुण माणूस डोंगरउतारावरचे रान तोडतो, पेटवतो, पहिल्या पावसात त्या राखेत डोंगरी भात पेरतो आणि त्याच भाताच्या ओळींत कॉफीची रोपे लावतो. पहिल्या वर्षी भात पोट भरते. तिसऱ्या वर्षी झाड फळ धरते. डोंगरी भाताची जुनी चाल अशी होती, की दोन पिके काढून रान पडीक टाकावे आणि मग जंगल परत आले की जमीन पुन्हा सर्वांची. कॉफीने हे चक्र थांबवले. झाड वीस-तीस वर्षे उभे राहते, छाटल्यास पुन्हा तरारते, आणि जोवर ते उभे आहे तोवर त्याखालची जमीन सोडून द्यावयाची वेळच येत नाही. तेव्हा झाडावरची मालकी हळूहळू खाली उतरून मातीवर आली, आणि ती मालकी पूर्ण होती: बाग विकता येई, गहाण टाकता येई, दुसऱ्यास अर्धेलीने देता येई, मुलामुलींत वाटता येई. तिच्यावर मामाचा अधिकार चालत नसे.

मग धाकटे भाऊ, आणि त्यांच्या मागोमाग धाकट्या बहिणीही, रान शोधीत निघाले. आधी गावाभोवतीचे उतार, ते भरले तेव्हा दक्षिणेकडे लांपुंगच्या डोंगरात सुंबर जाया आणि वाय तेनोंगपर्यंत, पश्चिमेस बेंकुलूपर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही पांगापांग पुढे शंभर वर्षे चालू होती. परंतु गेलेला माणूस तुटत नसे. गावी त्याचे घर होते, कारण ते कोणीच विकू शकत नव्हते. कॉफीचा भाव पडला, बाग जळली, आजारपण आले, तर परतावयाला एक पेटती चूल होती, आणि ती थोरल्या बहिणीची होती. बाजारपेठेच्या स्पर्शाने जुन्या प्रथा कोसळतात असे आपण सर्रास म्हणतो; येथे बाजारपेठेने प्रथेची अडचण दूर करून तिला आणखी चार पिढ्या दिल्या, हे मान्य करावयास काय हरकत आहे?

हे सर्वत्र असेच घडते असे मात्र नाही. सुलावेसी बेटावरील लाउजे नावाच्या डोंगरी लोकांत, जेथे असे राखीव घर-खाचर नव्हते, तेथे १९९० च्या सुमारास कोकोची झाडे आली. कॅनडातील मानववंशशास्त्रज्ञ तानिया मरे ली यांनी तेथे सुमारे वीस वर्षे जाऊन-येऊन जे पाहिले त्यात असे आढळले, की पूर्वजांच्या सामाईक जमिनीचे तुकडे एकेकट्याच्या मालकीचे झाले, कर्जात सापडलेल्यांनी ते शेजाऱ्यांना विकले, आणि कोणा परक्याने न लुबाडताच काही कुटुंबे भूमिहीन झाली. झाडाची मालकी दोन्हीकडे सारखीच. अंतर पडले ते मागे न विकता येणारे काही शिल्लक होते की नव्हते, याने.

सेमेंदोच्या लोकांवर खरा घाला आला तो नकाशाच्या बाजूने. डचांनी १८७० च्या दशकातच असे जाहीर केले होते, की ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. पण डोंगरात ते तत्त्व बहुतांशी दप्तरातच राहिले, आणि रान तोडण्याची परवानगी मार्गा नामक जुन्या परगण्याचा प्रमुख, म्हणजे पसिराह, देत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारने स्वतःच रान तोडावयास माणसे आणली: क्रांतियुद्धात लढलेल्या सुंदानी सैनिकांची कुटुंबे पश्चिम जावातून आणून सुंबर जायात वसवली गेली, आणि १९५२ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष सुकार्नो तेथे येऊन गेले. १९६० च्या जमीन कायद्याने रूढीला राष्ट्रीय कायद्याचा पाया म्हटले. १९६७ च्या वनकायद्याने मात्र रानाचे अधिकार जाकार्ताकडे ओढून घेतले. १९८० च्या दशकात वनखात्याने हद्दी आखल्या, तेव्हा वर्षानुवर्षांची वहिवाट असलेल्या कॉफीच्या बागा कागदावर ‘संरक्षित वन’ होऊन बसल्या. आणि त्याच सुमारास, १९८३ साली, दक्षिण सुमात्रात मार्गा बरखास्त झाले. ज्याने परवानगी दिली होती ते पदच उरले नाही; साक्ष द्यावयास कोण येणार?

पुढचे प्रकरण क्लेशकारक आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाय बेसाई नदीवरील वीजप्रकल्पाच्या पाण्याचे कारण सांगून सुंबर जायाच्या डोंगरातून हजारो कुटुंबे हुसकून लावण्यात आली. सैनिक आले, आणि कॉफीची झाडे उपटावयास शिकवलेले हत्तीही आणले गेले. बागांमुळे माती वाहून धरण गाळाने भरेल, हा युक्तिवाद. नंतर आंतरराष्ट्रीय कृषिवानिकी संस्थेच्या संशोधकांनी मोजमाप केले तेव्हा दिसून आले, की सावलीची झाडे राखून वाढवलेली कॉफी माती बऱ्यापैकी धरून ठेवते, आणि गाळाचा मोठा भाग पायवाटा, रस्ते व ढासळते नदीकाठ यांतून येतो. पण मोजमाप हत्तींच्या नंतर आले.

१९९८ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पडले, आणि त्याच वेळी रुपिया कोसळली: १९९७ च्या मध्यास डॉलरला सुमारे अडीच हजार असलेली, वर्षाच्या आत दहा हजारांच्या पलीकडे. शहरांत लोक उपाशी पडले, तर डॉलरच्या भावाने माल विकणाऱ्या कॉफीवाल्यांच्या दारी नव्या मोटारसायकली उभ्या राहिल्या. हुसकलेले लोक परतले, सोबत नवे लोक घेऊन आले, आणि उरलेसुरले रानही तुटले. दोन-तीन वर्षांतच व्हिएतनामी मालाने जगाचा बाजार भरून भाव रसातळाला गेला. मग पुन्हा जुनाच हिशेब: खत, तांदूळ, शाळेची फी सारे ‘तौके’ म्हणजे व्यापाऱ्याकडून उधार घ्यावयाचे आणि सुगीला कॉफी घालून फेडावयाचे. ‘यारनेन’ नावाच्या या व्यवहारात कॉफीचा भाव सहसा तौकेच ठरवतो.

२००० नंतर वनखात्याने तडजोड काढली. शेतकऱ्यांच्या गटांना संरक्षित वनात कॉफी राखण्याचे पस्तीस वर्षांचे परवाने मिळू लागले. अटी अशा, की सावलीची झाडे लावावीत, उरलेले रान राखावे, फळ घ्यावे. परंतु जमीन विकू नये आणि गहाण टाकू नये. सेमेंदोच्या माणसाला ही कबुलायत नवी वाटण्याचे कारण नव्हते. उपभोग घ्या, सांभाळा, विकू नका, आणि वर देखरेखीला कोणीतरी वडीलधारे. बहिणीच्या खाचराचा कायदा त्याच्या बागेला येऊन चिकटला होता, आणि मामाच्या जागी वनखाते बसले होते. फरक एवढाच, की मामा घरचा असतो आणि त्याच्याशी रुसता येते.

इकडे गावातही पालट होत होता. थोरली मुलगी शिकून पालेंबांगला शिक्षिका किंवा परिचारिका झाली, तर खाचरे नात्यातल्या कोणाकडे अर्धेलीने जातात, घराला कुलूप लागते, आणि क्वचित मामाच्या संमतीने, क्वचित त्याला न विचारता, एखादे खाचर विकलेही जाते. डोंगरावरही हेच. लंडनच्या बाजारात रोबस्टाचा भाव २०२४ साली टनामागे पाच हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा परवान्याच्या, म्हणजे विकता न येणाऱ्या बागांनाही गिऱ्हाइके होतीच. अशा रानात जमिनीचे खरेदीखत होत नाही. घेणारा कॉफीच्या झाडांची आणि त्यांमागच्या श्रमाची ‘भरपाई’ देतो. कागद झालाच तर त्यावर तेवढेच लिहितात, मातीचा उल्लेख टाळतात, आणि बाग या हातातून त्या हातात जाते.