ई-पत्रांची वर्गवारी: घाटघरचा निरोप हरवू नये म्हणून

समजा, रविवारी नाणेघाटाची पदभ्रमंती आहे. मूळ बेत मुरबाडकडून येऊन वैशाखऱ्याजवळून घाट चढण्याचा होता. शनिवारी रात्री तो बदलतो आणि सर्वांनी जुन्नरमार्गे थेट घाटघरला जमावे, असे पत्र गटाच्या मेलिंग लिस्टवर येते. आपण मात्र दुर्गप्रेमी, पक्षिनिरीक्षक, इतिहास अभ्यासक अशा चार-पाच याद्यांचे सभासद! ते पत्र इतर पत्रांखाली दडते. परिणामी मंडळी घाटमाथ्यावर आणि आपण एकटेच पायथ्याशी.

नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे सांगितले जाते. माल आत शिरतानाच त्याची दखल घेतली जाई. पत्रांचेही तसेच व्हावे. त्यासाठी बहुतेक जण विषयातील शब्दांवर किंवा पाठवणाऱ्याच्या नावावर विसंबतात. पण विषय बदलत राहतो आणि पाठवणारे तर अनेक असतात. खरी खूण असते ती पत्राच्या एरवी न दिसणाऱ्या शीर्षभागात. तेथील 'लिस्ट-आयडी' ही नोंद २००१ मध्ये प्रमाणित झाली आणि ती पाहून पत्र कोणत्या यादीचे हे नेमके कळते.

जीमेलमध्ये संगणकावर यादीचे एखादे पत्र उघडून तीन टिंबांच्या मेनूतून 'अशा पत्रांसाठी फिल्टर' हा पर्याय निवडला, की ही खूण बहुधा आपोआप भरली जाते. मग लेबल ठरवावे. एकाच पत्राला 'घाटघर' आणि 'पक्षी' अशी दोन्ही लेबले लागू शकतात. कप्प्यांच्या पद्धतीत ही सोय नसते. 'इनबॉक्स वगळा' ही खूण मात्र जपून करावी. चर्चेच्या याद्यांना ती खुशाल लावा, पण ज्या यादीवर बेत ठरतात तिला मुळीच नको. दिवसाची सर्व पत्रे एकत्र पाठवणारे 'डायजेस्ट'ही मोहक वाटते. परंतु शनिवारी रात्रीचा निरोप त्यातून रविवारी दुपारी हाती पडला, तर त्याचा काय उपयोग?

वाचून झालेली पत्रे लगेच पुसून टाकू नयेत. अनेक भटक्यांच्या चर्चा ज्या याहू ग्रुप्सवर चालत, ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तेथील जुना साठा त्याआधीच काढून टाकण्यात आला होता. जीवधनच्या वाटेविषयी तेव्हा कोणी लिहिलेले पत्र आज सापडलेच, तर ते बहुधा एखाद्या सभासदाने स्वतःच्या टपालपेटीत जपून ठेवले होते म्हणून.