महागड्या कॅमेरा-भिंगांची किंमत आणि उपयुक्तता : एक विवेचन

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र विभागातील वाळवलेले नमुने, इतिहास विभागाकडील मोडी कागदपत्रे, प्राणिशास्त्राच्या क्षेत्रभेटीत आढळणारे कीटक व पक्षी यांच्या नोंदीसाठी महाविद्यालयांत भिंग बदलता येणारा कॅमेरा वापरला जातो. साधनखरेदीच्या मर्यादित अनुदानातून तो घेताना कॅमेऱ्याच्या किमतीवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो भिंगाच्या किमतीवर. 'महाग तेच चांगले' हे समीकरण दरपत्रके मागविण्यापूर्वीच गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात हे समीकरण प्रकाशशास्त्राच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे.

एकाच नाभीय अंतराची दोन भिंगे

उदाहरणादाखल कॅनन कंपनीची एकाच आरएफ जोडणीची, ५० मि.मी. नाभीय अंतराची दोन भिंगे घेऊ. २०१८ साली आलेल्या एफ/१.२ भिंगाची अमेरिकेतील प्रारंभीची किंमत २,२९९ डॉलर होती. २०२० साली आलेल्या एफ/१.८ भिंगाची सुमारे २०० डॉलर. पहिल्यात ९ गटांत मांडलेली १५ घटकभिंगे असून वजन ९५० ग्रॅम आहे. दुसऱ्यात ५ गटांत ६ घटकभिंगे, वजन १६० ग्रॅम. किमतीतील तफावत साडेअकरापटींची आहे.

या जादा पैशातून नेमके काय विकत घेतले जाते? नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले असता छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा, व्यास मिळतो. एफ/१.८ला तो सुमारे २७.८ मि.मी., तर एफ/१.२ला ४१.७ मि.मी. येतो. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत येत असल्याने महाग भिंगातून २.२५ पट प्रकाश मिळतो. लाभ सव्वादोनपट आणि खर्च साडेअकरापट, हे प्रमाण प्रथमदर्शनी अन्यायकारक वाटते. परंतु त्यामागे भौतिक कारण आहे. भिंगाची रचना तीच ठेवून छिद्र वाढविल्यास गोलीय विपथनामुळे येणारी अस्पष्टता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दीडपट झाला की हा दोष ३.३७ पट होतो. त्याच्या निवारणासाठी अधिक घटकभिंगे, अगोलीय पृष्ठभाग आणि अत्यल्प अपस्करणाची काच वापरावी लागते. किंमत मुख्यतः रुंद छिद्राची व त्या छिद्रावरही प्रतिमा सुस्पष्ट ठेवण्याची आहे.

स्वस्त भिंगाला मात्र निकृष्ट समजण्याचे कारण नाही. त्याची सहा घटकांची गाउस-पद्धतीची रचना ज्या परंपरेतील आहे, तिचा आरंभ पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली झाइस कंपनीसाठी केलेल्या 'प्लॅनर' भिंगापर्यंत जातो. त्या भिंगात हवा व काच यांच्या सीमेवरचे आठ पृष्ठभाग होते. प्रत्येकावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होत असल्याने एकूण २८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश वाया जाई आणि त्यातील काही भाग प्रतिमेवर धूसरपणा आणी. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तनरोधक लेपाची पद्धत विकसित केली आणि पुढे ही रचना सर्रास वापरात आली. आजचे दोनशे डॉलरचे भिंग या संचित ज्ञानाचा लाभ जवळजवळ फुकट घेते.

कामाचे छिद्र कोणते?

महाविद्यालयीन नोंदीचे बहुतांश काम एफ/५.६ ते एफ/११ या मर्यादेत होते, कारण नमुन्याचा सर्व भाग स्पष्ट यावा लागतो. एवढे छिद्र लहान केल्यावर दोन्ही भिंगांतील विपथने पुष्कळ कमी होतात आणि विवर्तनाची मर्यादा पुढे येते. एफ/८ला हिरव्या प्रकाशातील विवर्तन-चकतीचा व्यास सुमारे १०.७ मायक्रोमीटर असतो. तो किमतीवर अवलंबून नाही. कोपऱ्यांत थोडा फरक उरतो, हे मान्य करावे लागेल. परंतु कागदपत्राच्या वाचनात तो क्वचितच आडवा येईल.

याहून महत्त्वाचा मुद्दा विशालनाचा आहे. वरील महाग भिंगाचे कमाल विशालन ०.१९ आहे, तर स्वस्त भिंगाचे ०.२५. २० मि.मी. लांबीच्या बीजाची संवेदकावरील प्रतिमा महाग भिंगातून ३.८ मि.मी., तर स्वस्त भिंगातून ५ मि.मी. पडते. १:१ विशालनाचे मॅक्रो भिंग घेतल्यास ती पूर्ण २० मि.मी. येते. शिवाय मॅक्रो भिंग सपाट पृष्ठभागाच्या चित्रणासाठी साधलेले असल्याने हस्तलिखितांनाही तेच उपयोगी पडते. मध्यम किमतीचे मॅक्रो भिंग सोडून प्रतिष्ठेपायी एफ/१.२ घेणारा विभाग अधिक पैसे देऊन कमी उपयोगाची वस्तू आणतो, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

पक्षिनिरीक्षणात स्थिती वेगळी आहे. पहाटेच्या प्रकाशात दूरच्या पक्ष्याचे चित्र घेताना छिद्र लहान करण्याची मुभाच नसते. ६०० मि.मी. एफ/४ भिंगाला १५० मि.मी. व्यासाचे छिद्र लागते आणि दीर्घ नाभीय अंतरामुळे वर्णीय विपथनही ठळक होते. कॅननने १९६९ साली ३०० मि.मी. भिंगात कृत्रिम फ्लोराइट वापरले ते याच दोषावर उपाय म्हणून. येथील खर्चाला स्वस्त पर्याय नाही. मंद प्रकाशातील नाट्यप्रयोगाच्या चित्रणाबाबतही काही अंशी हेच म्हणता येईल.

खरेदी व जतन

'भिंग आयुष्यभर टिकते' हा युक्तिवाद जपून स्वीकारावा. कॅननने १९८७ साली जुनी एफडी जोडणी सोडून ईएफ आणली आणि २०१८ साली आरएफ. ईएफ भिंगे जोडपट्टीद्वारे नव्या कॅमेऱ्यांवर चालतात. एफडीच्या मालकांना तेवढी सोय लाभली नाही. तसेच एकाच नमुन्याच्या दोन नगांतही फरक असतो आणि अधिक किंमत ही त्याविरुद्धची हमी नव्हे. भिंग हाती येताच सपाट भिंतीवर छापील कागद लावून, भिंतीला काटकोनात कॅमेरा ठेवून, पूर्ण उघड्या छिद्रावर चारही कोपरे तपासावेत. एकच कोपरा लक्षणीय अस्पष्ट असल्यास घटकभिंग मध्यातून सरकले असण्याची शक्यता असते. ही तपासणी देयक मंजूर होण्यापूर्वीच करावी. नंतर पत्रव्यवहारच उरतो.

कोकणासारख्या दमट प्रदेशात बुरशीचा धोका दोन्ही भिंगांना सारखाच असतो. कातडी पेटीत पावसाळाभर बंद ठेवलेल्या भिंगावर तंतू पसरतात, लेप खरवडला जातो आणि दुरुस्तीचा खर्च महाग भिंगाला अधिक येतो. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणारे शुष्क कपाट, किंवा निदान घट्ट झाकणाचा डबा व वेळोवेळी तापवून कोरडे केलेले सिलिका जेल, यांची तरतूद भिंगाच्याच प्रस्तावात करून ठेवावी.