अन्ननलिका आम्लाने भाजते का? आधी क्रम बघा

छातीत जळजळ म्हणजे पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेचं अस्तर भाजतं, असं आपण सहज म्हणतो. १९३५ मध्ये अॅशर विंकेलस्टाइन यांनी हा विकार मांडला, तेव्हापासून हीच समजूत चालत आली. पण ती तपासायची कशी?

अस्तरात चपट्या पेशींचे अनेक थर असतात. नव्या पेशी सगळ्यात खाली तयार होतात, वर सरकतात आणि गळून पडतात. आम्ल खरंच भाजत असेल तर आधी वरचा थर झडेल, मग इजा खाली उतरेल. झडलेलं भरून काढायला खालचा थर त्यानंतर वाढेल. बरोबर?

२००९ मध्ये ऱ्होंडा सूझा, स्टुअर्ट स्पेक्लर आणि सहकाऱ्यांनी उंदरांची अन्ननलिका शस्त्रक्रियेने थेट लहान आतड्याला जोडली, म्हणजे आम्ल आणि पित्त वर येत राहील. दिसलं ते उलटंच. तिसऱ्या दिवशी लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी अस्तराच्या खाली जमल्या होत्या आणि वरचा थर शाबूत होता. खालचा थर वाढला तोही वर काही झडण्याआधी. पृष्ठभागावरच्या जखमा काही आठवड्यांनी आल्या.

मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या बिल्डिंगमधली ओल आठवा. रंगाचे पोपडे बाहेर दिसतात, पण पाणी आतल्या पाइपमधून झिरपत असतं.

मग त्या पेशींना बोलावलं कोणी? प्रयोगशाळेत वाढवलेल्या अन्ननलिकेच्या पेशींवर आम्ल मिसळलेले पित्तक्षार टाकले, तेव्हा त्यांनी इंटरल्यूकिन-८ सारखे रासायनिक संदेश सोडले. ज्या द्रवात हे संदेश उतरले होते, त्याच्याकडे रोगप्रतिकारक पेशी सरकू लागल्या. म्हणजे आम्ल ठिणगी टाकतं. नासधूस बरीचशी आपल्याच पेशींच्या हाकेमुळे होते.

माणसांत? २०१६ मध्ये याच गटाने, जखमा भरलेल्या १२ रुग्णांची आम्ल कमी करणारी औषधं देखरेखीखाली दोन आठवडे थांबवली. बायॉप्सीत टी-लिम्फोसाइट वाढलेले दिसले, खालचा थर जाड झालेला दिसला, वरच्या पेशी मात्र जागेवर होत्या. (म्हणून कोणी स्वतःहून गोळ्या बंद करू नका. आम्ल कमी झालं की ठिणगीही कमी होते.)

आता तुमचं काम. १२ रुग्ण, दोनच आठवडे, आणि औषध चालू ठेवलेला तुलनेचा गट नाही. एवढ्यावरून किती म्हणता येईल? तुमच्या प्रपोजलमध्ये 'अमुकामुळे तमुक होतं' असं लिहिलंत की खाली दोन ओळी जोडा: हे खरं असेल तर आधी काय दिसेल, आणि काय दिसलं तर मी हे सोडून देईन. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.