शनवार तेली

रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यू घाण्यावर तेल गाळत, पण शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद. शेजाऱ्यांनी नावच पाडलं, शनवार तेली. आडनावं गावांची: पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. नवस फेडायचा तो एलियाहू पैगंबराचा, आणि त्याच्या ‘मलिद्या’त पोहे, गूळ, ओलं खोबरं! यातलं ज्यू किती नि कोकणी किती, हे निवडत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

१९४८नंतर बरेचजण इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने मात्र विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाची चौकशी मांडली. आंदोलनं झाली, १९६४मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानलं. भारतातून आलेले म्हणून ते तिथे ‘होदीम’, म्हणजे हिंदी.