गॅसच्या जोडीला पेलेटची शेगडी

स्वयंपाकाचे इंधन हा विषय आपल्याकडे बायकांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. परंतु घराचा खर्च आणि माता-भगिनींचे आरोग्य या दोहोंशी त्याचा निकटचा संबंध आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही गॅस पोचला. तरीही अनेक घरांत गॅसशेजारी चूल राहिलीच. असे का होते, आणि दोन इंधने वापरायचीच असतील तर ती कशी वापरावीत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण आंघोळीचे पाणी. पाच माणसांना हिवाळ्यात माणशी वीस लिटर कढत पाणी लागते असे धरू. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. त्यांतील ६० टक्के भांड्याला मिळतात. म्हणजे रोज पावणेचारशे ग्रॅमच्या वर गॅस गेला. १४.२ किलोचे सिलिंडर केवळ आंघोळीवर सव्वा महिन्यात संपेल! म्हणून गृहिणी पाणी चुलीवर ठेवते. तिचा हिशेब चुकीचा नाही. चुकीची आहे ती चूल.

साध्या चुलीत उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. तेवढ्याच पाण्याला सहा-सात किलो लाकूड जळते आणि धूर घरात कोंडतो. घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

यावरील एक उपाय म्हणजे पेलेटची शेगडी. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, पऱ्हाट्या, तुराट्या, भुईमुगाची टरफले यांचा चुरा वाळवून, यंत्रात प्रचंड दाबाने काढलेल्या बोटाएवढ्या कांड्या. वखारीतील भुसा ठासून भरलेली डब्याची शेगडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ही तिची सुधारलेली बहीण समजावी. खालून येणाऱ्या थोड्या हवेवर कांड्यांचा वायू होतो आणि वरच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेत तो जळतो. काही शेगड्यांत त्यासाठी बॅटरीवरचा लहान पंखा असतो. चांगल्या शेगडीत तीस टक्के उष्णता भांड्याला मिळाली, तर वरील पाणी दोन-सव्वादोन किलो कांड्यांत तापते. धूरही पुष्कळ कमी होतो, मात्र पूर्ण थांबत नाही.

येथे एक अनुभव ध्यानात ठेवावा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली 'ऊर्जा' ही शेगडी २००६ पासून महाराष्ट्रात विकली गेली. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. पुढे कांड्यांचे भाव वाढले आणि अनेक घरांत शेगडी अडगळीत पडली. तेव्हा शेगडी घेण्याआधी कांड्या जवळपास, बारमाही आणि परवडणाऱ्या भावात मिळतील काय, याची चौकशी करावी.

कामांची वाटणी अशी असावी. चहा, फोडणी, लेकराचे दूध ही झटपट कामे गॅसवर. पाणी, मोठ्या पातेल्यातील वरण, कार्यप्रसंगीचा स्वयंपाक ही तास-तासाची कामे शेगडीवर. कारण ती गॅससारखी कान पिळून विझत नाही.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. शेगडी उघड्यावर किंवा धुराड्याखाली ठेवावी. गॅसच्या ओट्यावर अथवा सिलिंडरजवळ कधीही नको. थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. पेटत्या शेगडीत रॉकेल ओतू नये. कांड्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात. ओल लागली की त्यांचा भुगा होतो. गॅसचा वास आल्यास काहीही न पेटवता, विजेचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे.

आपल्या भागात कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या बांधावरच पेटवून दिल्या जातात. त्यांच्या कांड्या झाल्या तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील. वस्तीतील महिला बचत गटांनी प्रथम एकच शेगडी आणून महिनाभर वापरावी, खर्चाची नोंद ठेवावी आणि मगच इतरांना सांगावे. घरातल्या पुरुषांनीही हा हिशेब एकदा मांडून पाहावा.