छबिलदासच्या गल्लीतली चंद्रशाळा

दादर स्टेशनला पश्चिमेकडे उतरले की भाजीवाले, फेरीवाले आणि कपड्यांच्या स्टॉलमधून वाट काढत दोन-चार मिनिटांत छबिलदासची गल्ली लागते. बटाटेवड्यासाठी ही गल्ली साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. याच गल्लीतल्या शाळेच्या सभागृहाने मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या एका अख्ख्या चळवळीला आपले नाव दिले, हे नाटकवाल्यांना ठाऊक आहे. त्यामानाने एक गोष्ट कमी सांगितली जाते. या चळवळीच्या मुळाशी त्याच शाळेतली एक शिक्षिका होती आणि मोठ्यांच्या नाटकाच्या मांडीला मांडी लावून मुलांचे नाट्यकेंद्रही याच परिवारात वाढले. सुलभा देशपांडे हे त्या शिक्षिकेचे नाव आणि ‘चंद्रशाळा’ हे त्या केंद्राचे.

मुंबईत मुलांच्या नाटकाने काय काय वळणे घेतली, हे या केंद्राच्या आगेमागे पाहिले की नीट कळते. या प्रवासात नाटकाची मालकी हळूहळू मोठ्यांच्या हातून मुलांच्या हाती गेली.

आधी चेटकीण आली

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले नाटुकली करतच होती. पण तिकीट लावून, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसह, खास बालप्रेक्षकांसाठी सातत्याने नाटके करणारी संस्था मुंबईत उभी राहिली ती १९५९ साली. सुधा करमरकर अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या होत्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले. रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ हे त्यांचे पहिले नाटक आणि त्यातली चेटकीण स्वतः सुधाताईंनी रंगवली. मोठ्यांच्या भूमिका मोठ्यांनीच करायच्या, हा त्यांचा आग्रह होता. चिकटवलेल्या दाढीमिशांत आठ वर्षांचा राजा पाहून पालक हसतात, पण समोरच्या मुलाला तो राजा खरा वाटत नाही, असा त्यामागचा विचार.

मतकरींनी पुढे १९६२ साली ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नावे आज आजी-आजोबा झालेल्या पिढीलाही तोंडपाठ आहेत. या टप्प्यावर मुलाला प्रेक्षक म्हणून मान मिळाला, हेच मोठे काम होते. अमेरिकेत विनिफ्रेड वॉर्ड यांनी इव्हान्स्टन गावात मुलांचे नाट्यगृह सुरू केले ते १९२५ साली. त्या हिशेबाने आपण चौतीस वर्षे मागे होतो, पण आल्यावर जोमाने आलो.

वर्गातून रंगमंचाकडे

सुलभा देशपांडे यांची वाट वेगळी होती. त्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. वर्गातल्या मुलांना करता येतील अशी चांगली नाटके हवी होती, म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांकडे मागणी केली. तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे १९६७ साली सुलभाताईंनीच साकारली. ती बेणारेही शिक्षिकाच. त्याच काळात तेंडुलकर मुलांसाठीही लिहीत होते. ‘पाटलाच्या पोरीचं लगीन’, ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘राजाराणीला घाम हवा’ ही त्यांची बालनाटके. शेवटच्या नावातच कष्टाची बाजू घेणारा एक खट्याळ टोला आहे. त्यावरचा ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा हिंदी बालचित्रपट १९७८ साली आला, तोही सुलभाताईंच्या दिग्दर्शनाखाली.

‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था फुटल्यावर १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. सुरुवात ‘तुघलक’सारख्या मोठ्या नाटकाने झाली. प्रयोग करायला मोठी नाट्यगृहे परवडत नव्हती आणि मोजक्या प्रेक्षकांच्या नाटकाला तिथल्या तारखाही मिळत नव्हत्या. सुलभाताईंच्या शाळेचे सभागृह संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी रिकामे असे. १९७४ साली ते नाटकासाठी मिळाले आणि छबिलदास चळवळ सुरू झाली.

त्या सभागृहात व्यावसायिक थिएटरचा थाट नव्हता. लाकडी लेव्हल्स मांडून नाटकाला हवा तसा रंगमंच उभा करायचा, चार-सहा दिवे बांधायचे, खुर्च्या लावायच्या आणि खेळ संपला की सगळे आवरून ठेवायचे, कारण उद्या शाळा. नट आणि प्रेक्षक यांच्यात हातभर अंतर. आविष्कारने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही. इतर संस्थांनाही ती परवडेल अशा भाड्यात मिळू लागली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांचे प्रयोग इथे झाले.

चंद्रशाळेची तालीम

आविष्कारच्याच छत्राखाली सुलभाताईंनी मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ चालवली. तिची ओळख झाली ती ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यामुळे. लेखन माधव साखरदांडे यांचे. हट्टी, कुणाचे न ऐकणाऱ्या दुर्गाची गौरी कशी होते, एवढीच गोष्ट. ऐंशीच्या दशकात रंगमंचावर आलेले हे नृत्यनाट्य पुढे अनेक वर्षे मुलांच्या नव्या नव्या तुकड्यांनी केले. एकदा दुर्गा झालेली मुलगी मोठी झाली की दुसरी दुर्गा उभी राही.

यातले खरे नवल संख्येत आहे. पन्नासहून अधिक मुले एका नाटकात उभी करायची म्हणजे काय, हे कुठल्याही शिक्षकाला विचारावे. पाच-सहा मुलांच्या नाटकात हुशार, धीट, स्वच्छ वाणीची मुले निवडली जातात आणि उरलेली टाळ्या वाजवायला बसतात. मोठ्या समूहाच्या नृत्यनाट्यात मात्र बुजऱ्या मुलालाही जागा असते. तो आधी गर्दीत उभा राहतो. ठेका मोजायला शिकतो. शेजारच्याचा हात कधी सुटतो आणि पुन्हा कधी धरायचा, याचा अंदाज त्याला येतो. विंगेत अंधारात गप्प उभे राहणे, हाही अभिनयाचाच भाग आहे, हे त्याला कळते. अडखळत बोलणाऱ्या मुलाचा आवाज आधी सगळ्यांच्या आवाजात मिसळतो. एकट्याने वाक्य म्हणायची वेळ येते तोवर त्याची भीती निम्मी उतरलेली असते. तालमीला वेळेवर येणे, आपली चप्पल आणि पोशाख आपण सांभाळणे, दुसऱ्याची चूक आपल्या हालचालीने झाकून घेणे, हे सारे कुणी उपदेश न करता अंगी लागते.

दुसरी गोष्ट शेजाराची. चंद्रशाळेतल्या मुलांच्या आसपास मोठ्यांचे गंभीर नाटक घडत होते. आपण ज्या संस्थेत खेळतो तिथेच मोठी माणसे एकेका वाक्यावर तासन् तास वाद घालतात, हे मुलांना दिसत होते. बालनाट्य म्हणजे सुट्टीतला विरंगुळा, ही समजूत तिथे आपोआप गळून पडे.

छबिलदासची जागा गेल्यावर आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. पुन्हा शाळाच. अरुण काकडे २०१९ साली गेले, सुलभाताई त्याआधी २०१६ साली. पण या संस्थेला दोन्ही वेळा जागा मिळाली ती शाळांच्या छपराखाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वतःचे नाटक स्वतः

या सगळ्या प्रवासात एक उणीव होती. दादर, गिरगावातल्या बालनाट्याला येणारी मुले बहुतांशी मध्यमवर्गीय घरांतली. ज्या घरात तिकिटाचे पैसे, सुट्टीतल्या शिबिराची फी आणि मुलाला सोडायला येणारे कुणीतरी असेल, तिथूनच मूल येणार. वस्तीतल्या मुलासाठी नाट्यगृहाचा दरवाजा बंद नसला, तरी तो त्याच्या रोजच्या वाटेवर नव्हता.

ती वाट मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात उलट दिशेने चालून पाहिली. पंच्याहत्तरी गाठल्यावर त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधल्या मुलांना तयार संहिता द्यायची नाही, हा त्याचा पाया. मुलांनी आपल्या आजूबाजूला जे दिसते त्यावर बोलायचे, त्यातून प्रसंग उभे करायचे, ते लिहायचे आणि स्वतःच करायचे. जाणत्या नाटकवाल्यांनी फक्त साहाय्य करायचे. व्यसन, शाळा सुटणे, मुलींवरची बंधने हे विषय तिथे कुणाला सुचवावे लागत नाहीत. एकेकाळी राक्षस आणि चेटकीण लिहिणारा लेखक अखेरीस मुलांना म्हणाला की तुमचा राक्षस तुम्हीच ओळखा. २०२० साली मतकरी गेले. पण बालनाट्याचा प्रेक्षक असलेले मूल ते बालनाट्याचा लेखक झालेले मूल, हे अंतर त्यांच्या एका आयुष्यात पार झाले.

जगात इतरत्रही असे प्रयोग झाले होते. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी शोषितांच्या रंगभूमीत प्रेक्षकालाच उठवून रंगमंचावर आणले. व्हेनेझुएलात १९७५ सालापासून होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन देऊन वाद्यवृंदांची देशभर साखळी उभी केली. मार्ग वेगळे, पण तिन्ही ठिकाणी अनुभव एकच आला. कला शिकवताना माणसावर, मग तो लहान असो वा मोठा, विश्वास टाकला की तो त्या विश्वासाला जागतो.

दादरच्या या कहाणीतून कामाची गोष्ट एवढीच निघते की मुलांच्या कलेला लागणाऱ्या वस्तू महाग नसतात. संध्याकाळी उघडी राहणारी एक खोली, तिची किल्ली विश्वासाने देणारे शाळाचालक आणि वर्षानुवर्षे न कंटाळता येणारा एक माणूस, एवढे पुरते. मुंबईत शाळा हजारो आहेत आणि शाळा सुटल्यावर त्यांतल्या कित्येकांची सभागृहे रिकामी पडतात. त्यांतली काही जरी वस्तीतल्या मुलांसाठी रोज दोन तास उघडली, तर पुढच्या चंद्रशाळेसाठी नवी इमारत बांधायची गरज उरणार नाही.